केमोथेरपी चालू असताना चव आणि जेवण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आईच्या केमोच्या सहा सायकल (एक डोस आणि पुढच्या डोसपर्यंतचे दिवस म्हणजे एक सायकल) झाल्या तेव्हा घरचा स्वयंपाक माझ्याकडे होता. दुसऱ्या सायकलनंतर एका दुपारी तिने भाताचा घास घेतला, तो बराच वेळ तोंडातच फिरवला आणि म्हणाली, "अरे, पीठ खाल्ल्यासारखं लागतंय रे." मी मीठ वाढवलं. चार दिवसांनी तेवढंच मीठ घातलेलं सूप तिला इतकं खारट लागलं की तिने वाटी बाजूला सारली. पुढचे महिने मी हाच गुंता सोडवत होतो. आहारतज्ज्ञांना, नर्सना, डॉक्टरांना विचारलेले आणि नंतर इतरांनी मला विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. औषधाचा, गोळ्यांचा, पथ्याचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

तोंडाची चव नेमकी का जाते?

जिभेवर चव ओळखणाऱ्या ज्या कळ्या असतात, त्यांच्या पेशी फार दिवस जगत नाहीत. साधारण दहा दिवसांत जुन्या पेशी मरतात आणि नव्या त्यांची जागा घेतात. केमोची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना गाठून मारतात, आणि त्यांना कॅन्सरची पेशी कोणती, जिभेवरची कोणती हे कळत नाही. केस गळतात, तोंड येतं, पोट बिघडतं, त्यामागेही हेच कारण आहे. नाकातल्या वास घेणाऱ्या पेशीही अशाच सतत नव्याने तयार होत असतात, त्यामुळे त्यांनाही झळ बसते.

हे नाक लोक विसरतात. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. नाक चिमटीत धरून सफरचंदाचा तुकडा खाऊन पाहा, फक्त गोड-आंबट काहीतरी कळेल, सफरचंद कळणार नाही. त्यात लाळ कमी झालेली असते, आणि पदार्थ लाळेत विरघळल्याशिवाय त्याची चव कळत नाही. काही औषधं तर थेट लाळेत उतरतात. म्हणून कुणाकुणाला सलाइन चालू असतानाच तोंडात कडू किंवा धातूसारखी चव येते.

हे सगळ्यांना होतं का?

नाही, पण खूप जणांना होतं. सिस्प्लॅटिन, कार्बोप्लॅटिन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, फाइव्ह-एफयू, पॅक्लिटॅक्सेल, डोसिटॅक्सेल या औषधांबरोबर ही तक्रार जास्त ऐकू येते. एकच औषध, एकच डोस, तरी शेजारच्या खाटेवरच्या माणसाला काहीच होत नाही आणि तुम्हाला पाणीसुद्धा कडू लागतं, असं घडतं. चव गेली म्हणजे औषध जोरात काम करतंय, आणि चव शाबूत म्हणजे ते लागू पडत नाहीये, असा काही संबंध नसतो.

काल आवडलेलं आज नको होतं. हा हट्ट आहे का?

हट्ट नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत उशिरा समजलेली गोष्ट हीच. चव एकदा बिघडून तशीच राहत नाही, ती सायकलबरोबर हलते. तीन आठवड्यांची सायकल असेल तर अनेकांना पहिला आठवडा-दीड आठवडा वाईट जातो, मग हळूहळू चव वर येते, आणि पुढच्या डोसच्या आधीचे काही दिवस त्यातल्या त्यात बरे असतात. डोस झाला की पुन्हा पहिल्यापासून.

मी एक वही केली होती. डोसचा दिवस म्हणजे दिवस १. त्या खाली तारीख न लिहिता फक्त दिवस आणि दोन-तीन शब्द. तिसऱ्या सायकलचं पान असं आहे: "दिवस २ : टोस्ट चालला. दिवस ४ : पाणी नको, चहा कडू. दिवस ६ : फक्त दही, थंड. दिवस ९ : तोंड आलंय. दिवस १३ : आम्लेट मागितलं. दिवस १७ : सगळं." चौथ्या सायकलमध्ये एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक सोडला तर जवळजवळ तीच ओळ आली. मग स्वयंपाक सोपा झाला. चार ते आठ या दिवसांत मी काही खटाटोप करायचं सोडलं, जे जातंय ते दिलं. आणि बाराव्या दिवसापासून जेवणाकडे नीट लक्ष दिलं, कारण वजन भरून काढायचं असेल तर ते त्याच दिवसांत.

तुमचं वेळापत्रक वेगळं असेल. दर आठवड्याला केमो असेल तर चांगले दिवस फार थोडे सापडतात. पण वही ठेवा. आणि नकोशा झालेल्या पदार्थावर कायमची फुली मारू नका, आठ-दहा दिवसांनी एक चमचा पुन्हा पुढे करा.

तोंडात सतत लोखंड चघळल्यासारखं वाटतं. काय करू?

आधी चमचा बदला. स्टीलऐवजी प्लास्टिकचा, लाकडी किंवा चिनी मातीचा वापरून पाहा. पाण्याचा पेला काचेचा घ्या. डबाबंद पदार्थ टाळा, त्यांना डब्याची चव येते. हे उपाय फारच क्षुल्लक वाटतात, मलाही वाटले होते. पण आईने लाकडी चमचा हातात घेतल्यावर तो उपचार संपेपर्यंत सोडला नाही.

जेवायच्या आधी खळखळून चूळ भरा. लिंबाचा थेंब, पुदिन्याचं पान, बिनसाखरेचं च्युइंगम किंवा आंबट गोळी यांनी धातूची चव थोडा वेळ दबते. थंडगार किंवा कोमट पदार्थांत ती कमी जाणवते, गरम-गरम पदार्थांत जास्त.

सगळं बेचव, कागदासारखं लागतं.

इथे मीठ ओतत जाण्याचा मोह होतो. त्याआधी आंबट वापरून पाहा: लिंबू, व्हिनेगर, दही, टोमॅटो. आंबटाने लाळ सुटते आणि इतर चवींनाही थोडी धार येते. मग सुवास: आलं, लसूण, पुदिना, कोथिंबीर, मिरपूड, भाजलेले मसाले. आणि मग ती पाचवी चव, उमामी. किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ती वेगळी चव म्हणून ओळखली. पिकलेला टोमॅटो, मश्रूम, मुरलेलं चीज, सोया सॉस यांत ती भरपूर असते. ज्याला गोड-खारट धड कळत नाही त्यालाही कधीकधी मश्रूमचं सूप "काहीतरी" लागतं, आणि त्या दिवसांत काहीतरी लागणं हीच मोठी गोष्ट असते.

चव कळत नसेल तेव्हा जीभ पोत मोजते. सगळं मऊ, सगळं एकाच रंगाचं असं ताट पुढे आलं की घास फिरतो. मऊ भाताशेजारी काहीतरी कुरकुरीत ठेवा. एक गार, एक कोमट असं ठेवा. मात्र तोंड आलेलं असेल तर आंबट, तिखट आणि कुरकुरीत हे तिन्ही बंद.

गोड पाहिलं की मळमळतं. माझ्या भावाला तर उलट फक्त गोडच लागतं.

दोन्ही नेहमीचं आहे. गोड डोक्यात जात असेल तर फळांच्या रसात पाणी घाला, स्मूदीत लिंबू पिळा किंवा चिमूटभर मीठ घाला. बाजारच्या पौष्टिक पेयांत कमी गोड किंवा बिनफ्लेवरचे प्रकार मिळतात, ते सूपमध्येही मिसळता येतात. खारट टोचत असेल तर पदार्थात बटाटा, दूध, लोणी किंवा किंचित साखर घालून चव बोथट करा. कडू लागत असेल तर थोडं गोड आणि थोडं आंबट एकत्र. मोजमाप कुणी सांगू शकणार नाही. वाटीत अर्धा चमचा घालून चाखायला द्यायचं आणि तोंडाकडे बघायचं. स्वतः चाखून ठरवू नका. त्या घरात तुमची जीभ सध्या काही कामाची नाही.

चिकन, मटण, मासे, काहीच चालत नाही. मग प्रोटीनचं काय?

मांस कडू किंवा रक्तासारखं लागणं ही अगदी सर्रास तक्रार आहे. पहिला उपाय, ते लिंबू, दही, व्हिनेगर किंवा गोडसर सॉसमध्ये काही तास मुरवून, मग शिजवून थंड करून देणं. चालत नसेल तर सोडून द्या, त्यात अडकून पडू नका. अंडी, दूध, दही, चीज, डाळी, राजमा, टोफू, शेंगदाण्याचं बटर, बदाम असं बरंच काही शिल्लक राहतं.

अंदाजासाठी: एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन असतं, एक कप दुधात सुमारे ८, दोन मोठे चमचे शेंगदाण्याच्या बटरमध्ये ७ ते ८, एक कप शिजवलेल्या डाळीत १८ च्या आसपास. दुधाच्या कपात चार मोठे चमचे दूध पावडर ढवळली तर प्रोटीन जवळजवळ दुप्पट होतं आणि चवीत फारसा फरक पडत नाही. मी हे दूध करून ठेवायचो आणि सूप, लापशी, कुस्करलेला बटाटा, कॉफी यांत साध्या दुधाऐवजी तेच घालायचो. आईला पत्ता नव्हता. नंतर सांगितल्यावर ती जराशी रागावली.

स्वयंपाकाचा वास आला की पोटात कालवतं.

वास वाफेबरोबर पसरतो, म्हणून सगळी युक्ती वाफ कमी करण्याची आहे. फोडणी, तळण आणि मासे ती व्यक्ती घरात नसेल किंवा झोपली असेल तेव्हा करा. झाकण लावून शिजवा, खिडकी उघडा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा. ताट खोलीत नेण्याआधी झाकण स्वयंपाकघरातच काढा, म्हणजे वाफेचा पहिला लोट तिथेच राहील. थंड पदार्थांना वास कमी असतो. झाकण असलेल्या पेल्यातून स्ट्रॉने प्यायलं तर पौष्टिक पेयाचा वास नाकापर्यंत जवळजवळ येत नाही. अत्तर, रूम फ्रेशनर, उदबत्ती यांचाही त्रास होतो, हे भेटायला येणाऱ्यांच्या ध्यानात नसतं.

केमोच्या दिवशी आवडीचं खायला द्यावं का?

देऊ नका. इथे मी स्वतः चुकलो आहे.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर मळमळ झाली की शरीर त्या पदार्थाला दोषी धरतं. दोष औषधाचा आहे हे डोक्याला माहीत असलं तरी उपयोग होत नाही. इलीन बर्नस्टाइन या संशोधिकेने १९७८ मध्ये केमो घेणाऱ्या मुलांवर हे तपासलं. काही मुलांना मळमळ आणणाऱ्या केमोच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. काही आठवड्यांनी तेच आइस्क्रीम पुढे केलं तेव्हा, इतर मुलांच्या मानाने, या मुलांतल्या बऱ्याच जणांनी ते नाकारलं. पुढच्या प्रयोगात तिने आणि सहकाऱ्यांनी उलटी युक्ती लढवली: जेवण आणि केमो यांच्या मध्ये उग्र, अनोळखी चवीची एक गोळी चघळायला दिली. दोष गोळीच्या माथी गेला आणि जेवणातले पदार्थ बऱ्यापैकी वाचले.

मी आईला दर वेळी थर्मासमध्ये लिंबाचं सरबत न्यायचो, तिला फार आवडतं म्हणून. केमो संपून चार वर्षं झाली. ती सरबत घेत नाही, आणि तो थर्माससुद्धा तिने कुणाला तरी देऊन टाकला.

तर त्या दिवशी आधी एक-दोन तास साधं, हलकं, कमी तेलाचं काहीतरी खा. अगदी उपाशी पोटी जाऊ नका, अनेकांना त्याने मळमळ वाढते. आवडीचे पदार्थ त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस कपाटात राहू द्या, आणि एखादी अनोळखी चवीची गोळी खिशात ठेवा.

थंड पदार्थ चांगले म्हणतात. सगळ्यांनी खावेत का?

नाही, आणि हे नीट वाचा. ऑक्सॅलिप्लॅटिन हे औषध चालू असेल तर थंडीने नसा चाळवतात. थंड पाण्याचा घोट घेतला की घशात आवळल्यासारखं होतं, श्वास अडकल्याचा भास होतो, फ्रिजमधली बाटली हातात धरली की बोटांना झिणझिण्या येतात. डोसनंतर काही दिवस, कधीकधी त्याहून जास्त, सगळं कोमट किंवा खोलीतल्या तापमानाचं घ्यावं लागतं. अशा वेळी "थंडगार स्मूदी घ्या" हा सल्ला बाधतो.

उलट फाइव्ह-एफयू एकदम शिरेतून टोचणार असतील तर काही ठिकाणी आधी पाच मिनिटांपासून सुमारे अर्धा तास तोंडात बर्फाचे तुकडे धरायला सांगतात. थंडीने तोंडातल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, औषध तिथे कमी पोहोचतं आणि तोंड येण्याचं प्रमाण घटतं. दोन्ही औषधं एकत्र असलेले उपचारही असतात. म्हणून आपल्या सलाइनच्या पिशवीवर काय लिहिलंय ते विचारून घ्या आणि मगच बर्फाचं ठरवा.

तोंड आलंय, गिळवत नाही.

डोसनंतर साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास हे सुरू होतं आणि पेशी भरून आल्या की निवळतं. एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खाण्याचा सोडा घालून ठेवा, दिवसातून चार-सहा वेळा, जेवणाआधी आणि नंतर, त्याने चूळ भरा आणि थुंका. रोज नवं पाणी करा. अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नका. दात अगदी मऊ ब्रशने घासा. चव सुधारण्यात तोंडाच्या स्वच्छतेचा वाटा बराच असतो. खायला दही, मऊ शिजवलेला भात, कुस्करलेला बटाटा, पूर्ण शिजलेलं मऊ अंडं, केळं, कस्टर्ड.

जिभेवर किंवा गालाच्या आत पांढरे, दह्यासारखे थर दिसले तर ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं. त्यानेही चव जाते, आणि त्याला औषध आहे. घरीच खरवडत बसू नका, दाखवा.

पाणीच जात नाही.

पाणी कडू लागणं खूप जणांना होतं. काकडीची चकती, लिंबाची फोड, पुदिना टाकून पाहा. पातळ सूप, ताक, रसाळ फळं, जेली यांतूनही पाणी जातंच. एकदम पेलाभर नको, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट. जेवताना मात्र कमी प्या, नाहीतर पोट पाण्यानेच भरतं. सिस्प्लॅटिन किडनीला आणि सायक्लोफॉस्फमाइड मूत्राशयाला त्रास देऊ शकतं, त्यामुळे या औषधांच्या वेळी किती प्यायचं ते डॉक्टर मुद्दाम सांगतात. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर तो आकडा वेगळा असेल.

दोन घासांत पोट भरतं. किती खाणं पुरेसं आहे?

ईएसपीइएन या युरोपीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत कॅन्सर रुग्णांसाठी ढोबळ मानाने दिवसाला दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी आणि १ ग्रॅमच्या वर, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रोटीन सांगितलं आहे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ते ९० ग्रॅम प्रोटीन. वाईट दिवसांत हा आकडा गाठला जात नाही, तेव्हा तो भिंतीवर लावून कुणाला छळू नका. बऱ्या दिवसांत मात्र डोळ्यांसमोर ठेवा.

तीन मोठ्या जेवणांऐवजी सहा-सात वेळा थोडंथोडं. भुकेची वाट पाहू नका, ती येईलच असं नाही, घड्याळ लावा. भूक सकाळी सर्वांत बरी असते असं पुष्कळ जण सांगतात, मग दिवसाचं मोठं जेवण सकाळी नऊला झालं तरी काय बिघडलं? लहान ताटली वापरा. प्रत्येक घास जड करा: सुपात लोणी किंवा ऑलिव्ह तेल, भातात अंडं, दह्यात बदामाची पूड.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, एकाच वेळी करा. सहा महिन्यांत ५ टक्क्यांहून जास्त वजन उतरणं, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलोहून अधिक, हे डॉक्टरांना सांगण्यासारखं असतं. आधी लठ्ठ असलेल्या माणसाचंही, कारण त्यात स्नायूही उतरतात. लोक "बारीक झालात, छान दिसताय" म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका.

साखर कॅन्सरला खाद्य असते ना? बंद करू?

शरीरातली प्रत्येक पेशी ग्लुकोज वापरते, मेंदूसुद्धा. साखर तोडल्याने कॅन्सर उपाशी मरतो असं दिसलेलं नाही. तुम्ही खाल्लं नाही तर शरीर स्वतःच्या स्नायूंतून ग्लुकोज बनवतं. जेव्हा फक्त आइस्क्रीम जातंय, तेव्हा आइस्क्रीम चांगलं. अपवाद मधुमेहाचा. मळमळ थांबवायला डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड्स देतात, त्यांनी रक्तातली साखर चढते. कधीकधी आधी मधुमेह नसलेल्यांचीही. त्या दिवसांत साखर तपासत राहा आणि गोळ्या-इन्सुलिनबद्दल विचारा.

कच्चं, बाहेरचं, शिळं?

डोसनंतर सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान रक्तातल्या, इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी बहुधा सर्वांत कमी असतात. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं अंडं, कच्चे मासे, न तापवलेलं दूध, कच्चे मोड आलेले कडधान्य टाळा. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नका, भात तर नाहीच. फळं वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. मात्र सगळी कच्ची फळं-भाज्या सरसकट बंद करण्याच्या जुन्या कडक पथ्याने इन्फेक्शन कमी होतात असं अभ्यासांत सिद्ध झालेलं नाही. तुमच्या डॉक्टरांनी खास सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका.

झिंकच्या गोळ्या, जीवनसत्त्वं, काढे, रस?

झिंकचं नाव सगळे घेतात. कॅन्सर रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत चव सुधारण्यासाठी त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही, आणि जास्त दिवस जास्त झिंक घेतलं तर शरीरात तांब्याची कमतरता होते. पश्चिम आफ्रिकेतलं "मिरॅकल फ्रूट" खाल्लं की आंबट गोड लागतं, हे खरं. केमोतल्या चवीसाठी त्याचे प्रयोग लहान आहेत.

काढ्यांचा धोका वेगळा आहे. औषध मोडणाऱ्या यकृतातल्या आणि आतड्यातल्या यंत्रणेत ते ढवळाढवळ करू शकतात. ग्रेपफ्रूट हे साधं फळ, पण कित्येक औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. गोळ्यांच्या केमोत तर जेवणाची वेळही औषधाचाच भाग असते: कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची, तर काही गोळ्या रिकाम्या पोटीच. जे काही घेताय, त्या सगळ्याची बाटली उचलून डॉक्टरांना दाखवा. रागावतील म्हणून लपवू नका.

मळमळीच्या गोळ्या चालू आहेत, तरी खाववत नाही.

तर सांगा. ऑन्डॅन्सेट्रॉन, ॲप्रेपिटंट, ओलॅन्झापिन असे बरेच पर्याय आहेत, एकाने भागलं नाही तर दुसरं जोडतात. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नव्हे, ठरलेल्या वेळी घ्यायची. ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतो, आणि पोट साफ नसेल तर भूक कुठून लागणार? त्याचंही औषध मागून घ्या.

डॉक्टरांना लगेच फोन कधी करायचा?

ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला तर रात्रीचे दोन वाजले असले तरी. त्याआधी आपल्या मनाने पॅरासिटामॉल घेऊ नका, ताप झाकला जातो. दिवसभर घोटभर पाणीही टिकत नसेल. नेहमीपेक्षा चार किंवा जास्त वेळा पातळ शौचाला होत असेल. लघवी गडद आणि कमी होत असेल. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येत असेल. गिळताना ठसका लागत असेल, तरीही त्याच दिवशी.

चव परत कधी येते?

बहुतेकांची केमो संपल्यावर काही आठवड्यांत ते तीन-चार महिन्यांत येते. डोक्याच्या-मानेच्या भागाला रेडिएशनही झालं असेल तर जास्त वेळ लागतो, लाळग्रंथी भाजलेल्या असतात आणि थोडा फरक कायमचाही राहू शकतो. चव एकदम येत नाही. आईला आधी आंबट कळायला लागलं, मग खारट. चहा मात्र शेवटपर्यंत कडू लागत होता.

मी रुग्ण नाही, घरी स्वयंपाक करणारा आहे. मला राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते.

दोन तास खपून केलेलं ताट "नको" म्हणून परत येतं तेव्हा राग येणारच. मीही एकदा भांडं आपटलं होतं. आई काही बोलली नाही, पण त्या संध्याकाळी तिने माझ्यासमोर अर्धी वाटी कसंबसं संपवलं आणि नंतर बाथरूममध्ये जाऊन ओकली. तेव्हापासून मी समोर बसून घास मोजणं सोडलं.

"काय खाशील?" असं विचारू नका. ज्याला कशाचीच इच्छा नाही त्याला तो प्रश्न परीक्षेसारखा वाटतो. "दही देऊ की टोस्ट?" असं विचारा, आणि दोन्ही नको म्हटलं तर अर्ध्या तासाने पुन्हा. ताट भरून वाढू नका. चार चमचे वाढा, संपले तर ते मागतील. बऱ्या दिवसांत जास्तीचं करून छोट्या डब्यांत, एकेका वेळेपुरतं, फ्रीझरमध्ये टाका आणि डब्यावर चिठ्ठी लावा. आणि स्वतःचं जेवण वेगळ्या खोलीत का होईना, पोटभर जेवा. माझं वजन त्या सहा महिन्यांत चार किलोने उतरलं होतं. वही आईच्या नावाची होती, त्यात माझी ओळ नव्हती.